फार ऐकू येणाऱ्यांचे मोटारशिक्षण

मोटार चालवण्याची शिकाऊ अनुज्ञप्ती मागणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पहिला नमुना भरून द्यावा लागतो, आणि त्या नमुन्यात आपल्या देहाविषयी काही प्रश्नांचे जाब द्यावे लागतात : अपस्माराचे झटके येतात काय, एकाएकी घेरी येते काय, चांगल्या उजेडात २५ मीटरांवरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी ओळखता येते काय, रातांधळेपणा आहे काय. कानांविषयीही तेथे एक प्रश्न आहे. रस्त्यावरचा नेहमीचा ध्वनिसंकेतही ऐकू येऊ नये इतके आपण बहिरे आहात काय, असा तो आहे. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु ज्याला फार ऐकू येते, ज्याच्या कानी चौकातला प्रत्येक भोंगा सारख्याच जोराने आणि सारख्याच निकडीने पडतो, ज्याच्या डोळ्यांना समोरच्या दृश्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे याचा निर्णय लागत नाही, अशा माणसासाठी त्या नमुन्यात रकाना नाही; आणि रकाना नसल्यामुळे अशी माणसे रोज शेकड्यांनी शिकावयास येतात, रडकुंडीस येतात आणि परत जातात, याची दप्तरी कोठे नोंद होत नाही.

मी स्वतः वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पुण्यात मोटार शिकावयास गेले, नवव्या दिवशी सोडून दिले, आणि वर्षभराने पुन्हा, निराळ्या रीतीने, शिकले. मधल्या वर्षात, आपल्यात उणे काय आहे हे शोधण्याच्या निमित्ताने, अवधान, इंद्रिये आणि वाहनचालन यांविषयी गेल्या शतकापासून जे संशोधन झाले ते हाती लागेल तसे वाचीत गेले. त्या वाचनाचा आणि अनुभवाचा हा आढावा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शिकाऊ माणसाची ही अवस्था धैर्याची किंवा बुद्धीची उणीव नसते. तिच्यावरचा उपाय आधी भार उतरवणे आणि मग तो एकेक करून चढवणे हा आहे. आणि आपल्याकडची शिकवण्याची रूढ रीत पहिल्याच दिवशी सगळा भार एकदम डोक्यावर देते.

मराठीत या अवस्थेला शब्दांची वाण नाही, आणि ते शब्द एकाच अर्थाचे नाहीत. अनोळखी घरात पाऊल टाकणारे मूल बावरते. अकस्मात प्रश्न आला की विद्यार्थी गांगरतो. तीच ती मागणी दिवसभर कानी पडली की आई भंडावते. पण जत्रेत चारही बाजूंनी एकदम हाका आल्या आणि कोणत्या हाकेला ओ द्यावी हे ठरेना, म्हणजे माणूस भांबावतो. शिकाऊ चालकाचे होते ते भांबावणे. हा भेद मी मुद्दाम करते, कारण शिकवणारे बहुधा त्याला भित्रेपणा समजतात आणि भीतीवरचे उपाय करू लागतात. धीर देतात, जरा कडक बोलतात, 'काही होत नाही हो' म्हणतात. भांबावलेल्याला हे लागू पडत नाही. चार हाका अगोदरच येत असताना धिराचा शब्द ही त्याच्या कानी पाचवी हाक होते.

पुण्यातल्या नळस्टॉपच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या नवशिक्याच्या जागी क्षणभर बसून पाहावे. डावा पाय क्लचवर आहे, आणि ज्या बारीक थरथरीला शिकवणारे 'हाफ क्लच' म्हणतात ती त्या पायाच्या चवड्याला अजून ओळखू येत नाही. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर न्यावयाचा आहे आणि त्या दोहोंमधले अंतर पायाला पाठ झालेले नाही. डाव्या अंगाने दुचाक्या गाडीला खेटून पुढे सरकत आहेत, आणि त्यांपैकी एकीचा आरसा आपल्या आरशाला लागला असावा असा आवाज नुकताच झाला आहे. डोक्यावरून मेट्रोची घरघर जाते. शेजारच्या बसच्या इंजिनाची ऊब आणि डिझेलचा वास काचेच्या फटीतून आत येतो. शेजारी बसलेला शिक्षक काही तरी सांगत आहे. समोरचे तांबडे आकडे उलटे मोजत शून्याकडे येत आहेत, आणि ते शून्यावर पोचण्याच्या आधीच मागून पहिला भोंगा वाजतो. यानंतर जे होते ते अशा प्रसंगातून गेलेला कोणीही सांगेल. दृष्टीचा परीघ आवळत जाऊन समोरच्या गाडीचा तेवढा पाठचा भाग शिल्लक राहतो, सगळे आवाज एकाच उंचीचे होतात, हातपाय आपले न राहता कोणाचे तरी उसने घेतल्यासारखे वाटतात, क्लचवरचा पाय एकदम सुटतो आणि गाडी गचका खाऊन बंद पडते. मग भोंगे दहा होतात.

येथे घडले काय? न्यायदर्शनाने मन अणुपरिमाण मानले आहे, आणि त्याच्या अस्तित्वाचे गमक असे सांगितले आहे की, अनेक इंद्रियांचा आपापल्या विषयांशी एकाच वेळी संबंध आला तरी ज्ञाने एकदम उपजत नाहीत, एकामागून एक उपजतात. विसाव्या शतकात पाश्चात्त्य मानसशास्त्र प्रयोगांच्या वाटेने याच ठिकाणाजवळ आले. इंग्लंडात वेल्फर्ड यांनी १९५२ साली असे प्रतिपादले की, एका संकेताचा निवाडा चालू असताना दुसरा संकेत आला तर तो पहिल्याची वाट पाहत थांबतो. आणि ब्रॉडबेंट यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, इंद्रियांनी आणलेल्या मजकुरापैकी फारच थोडा पुढे जाऊ शकत असल्यामुळे वाटेवर कोठे तरी गाळणी असली पाहिजे. इंद्रिये वर्दी आणतात, असे आपण समजू. जुन्या कचेरीतला मुरलेला शिरस्तेदार आलेल्या शंभर लखोट्यांपैकी पंचाण्णव न उघडताच बाजूला ठेवतो, कारण लखोट्याच्या अक्षरावरूनच आत काय असेल हे त्याला ठाऊक असते. नवा कारकून प्रत्येक लखोटा फोडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि दुपारपर्यंत ढिगाखाली गाडला जातो. नव्या कारकुनाची नजर शिरस्तेदारापेक्षा कमी नसते, आणि मेहनत तर तो अधिक करतो. न वाचता बाजूला ठेवण्याजोगे काय आहे, एवढेच त्याला माहीत नसते.

या दृष्टीने मोटारचालनाचा सर्वांत सुंदर विचार मला १९३८ च्या एका निबंधात आढळला. गिब्सन आणि क्रुक्स या दोन अमेरिकन लेखकांनी त्यात असे म्हटले की, चालक रस्त्यावरच्या वस्तू मोजत नसून गाडीपुढे पसरलेले, सुरक्षितपणे जाता येईल असे एक क्षेत्र पाहत असतो; ते क्षेत्र गाडीच्या पुढे जिभेसारखे पसरते, अडथळ्यापाशी आकुंचन पावते, मोकळ्या रस्त्यावर लांबते, आणि सुकाणू चालवणे म्हणजे गाडीला त्या क्षेत्राच्या मध्यावर राखणे होय. अनुभवी माणसाला रिक्षा, खड्डा, कुत्रे आणि टपरी असे चार पदार्थ दिसत नाहीत. त्याला वाट दिसते, आणि हे चार पदार्थ त्या वाटेच्या कडा होतात. नवशिक्याला वाट दिसत नाही आणि चार पदार्थ मात्र दिसतात. पुढे १९७२ साली मूरंट आणि रॉकवेल यांनी मोजक्या नव्या आणि मुरलेल्या चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा नव्यांची नजर गाडीच्या अगदी पुढ्यात आणि रस्त्याच्या कडेकडे घुटमळते, थोड्याच जागेत फिरते आणि आरशाकडे फारशी वळत नाही, असे दिसून आले. आपल्याकडे शिकवणारे 'लांब बघा, लांब बघा' असे बजावतात ते म्हणूनच योग्य आहे. मात्र ज्याला कडेची भीती अजून सुटली नाही त्याला लांब पाहा असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात पडल्यावर हात मारावयास सांगणे होय.

इस्टरब्रुक यांनी १९५९ साली दाखवून दिले की, मनाची उत्तेजना वाढू लागली म्हणजे माणूस वापरीत असलेल्या संकेतांचा परीघ आकुंचत जातो. आरंभी निरुपयोगी संकेत गळतात आणि काम सुधारते, पण आणखी पुढे गेल्यावर उपयोगाचेही गळू लागतात. चौकात दृष्टी आवळत जाते ती याच नियमाने. याहून व्यवहाराच्या कामी येणारा प्रयोग १९९८ सालचा आहे. इस्राएलमध्ये शिनार आणि त्यांचे सहकारी यांनी नव्या आणि जुन्या चालकांना शहरातून गाडी चालवावयास लावून रस्त्यावरच्या ठरावीक पाट्या टिपण्यास सांगितले. काहींच्या गाडीत गिअर हाताने बदलावे लागत आणि काहींच्या गाडीत ते आपोआप बदलत. हाताने गिअर बदलणाऱ्या नव्या चालकांच्या हातून अधिक पाट्या सुटल्या. जुन्यांच्या बाबतीत असा भेद पडला नाही. म्हणजे गिअर बदलण्याचे जे काम वर्षभरात नकळत होऊ लागते, ते पहिल्या महिन्यात डोळ्यांच्या वाट्याचे अवधान खाऊन टाकते. मराठीत या नकळत होण्याला 'हात बसणे' असा नेमका शब्दप्रयोग आहे. हात बसला म्हणजे डोळे मोकळे होतात.

आता भोंग्याविषयी, कारण आपल्या शहरांत शिकणाऱ्याचा अर्धा छळ भोंग्याचाच असतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल यांनी १९०३ सालीच असे लिहिले होते की, महानगरात मज्जातंतूंवर उत्तेजनांचा इतका मारा होतो की नगरवासीयाला स्वसंरक्षणार्थ एक प्रकारची बधिरता अंगी बाणवावी लागते. पुण्यामुंबईच्या जुन्या चालकांनी ती बाणवली आहे. त्यांच्या लेखी भोंगा ही तक्रार नव्हे. 'मी डावीकडून येतो आहे', 'मी मागे आहे', 'हलू नकोस', 'हल आता', 'दिवा हिरवा झाला', 'मी वळणावर आहे', इतके निरनिराळे अर्थ ते त्या एका आवाजाच्या लांबीवरून आणि सुरावरून लावतात, आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात 'हे मला उद्देशून नाही' असा शेरा मारून पुढे जातात. नवशिक्याला ही भाषा येत नाही. त्याला प्रत्येक भोंगा आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते, आणि शिवाय ती शिवी आहे असे वाटते. गाडीला लावलेली तांबड्या 'एल' अक्षराची पाटी पाहून मागच्याने धीर धरावा ही कायद्याची अपेक्षा. आमच्या रस्त्यांवर ती पाटी दिसताच पुढे काढण्याची घाई सुटते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालची किमान १०० मीटरांची जागा शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली, आणि तेथे, तसेच रात्री निवासी वस्तीत, आणीबाणीचा प्रसंग वगळता भोंगा वाजवण्यास मनाई आहे. मालमोटारींच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बंदी केली. आणि मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही चौकांत असा एक प्रयोग केला की, गोंगाट ८५ डेसिबलांच्या वर गेला की तांबड्या दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी. २०२० च्या आरंभी त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. मला तो प्रयोग फार मोलाचा वाटला, कारण त्यात भोंगा वाजवणाऱ्याला प्रथमच त्याची किंमत तेथल्या तेथे भरावी लागली. तो कायमचा झाला असता तर शिकाऊ माणसाचे निम्मे ओझे कोणत्याही शिक्षकाशिवाय उतरले असते.

शिक्षणाच्या व्यवस्थेकडे पाहू. खासगी मोटारीसाठी शिकवणीची मुदत किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास किमान १० असावेत, असे नियम सांगतात. रोज अर्धा तास असा जो सर्वत्र शिरस्ता पडला आहे त्याचे मूळ या हिशेबात आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात एकवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली १२० तास चालवल्याची नोंदवही दाखवावी लागते. दोन देशांची तुलना सरळ करता येत नाही हे मान्य. परंतु हात बसण्यास जेवढा काळ लागतो तेवढा दहा तासांत मिळत नाही, हे कोणीही शिकलेला माणूस सांगेल. २०२१ साली केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे निराळे नियम केले आणि त्यांत हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांच्या आत २९ तासांचा अभ्यासक्रम, स्वतंत्र मार्ग आणि आभासी चालनाचे यंत्र यांची तरतूद केली. दिशा योग्य आहे. आभासी यंत्रावर चूक केली तरी कोणाला लागत नाही, ही त्याची मोठी सोय. मात्र डोळे 'आपण चाललो' म्हणतात आणि अंतःकर्णातील तोल सांभाळणारी इंद्रिययोजना 'आपण स्थिर आहोत' म्हणते, या विसंवादाने काहींना मळमळते, आणि ज्यांची इंद्रिये मुळातच तीक्ष्ण आहेत त्यांना हा त्रास अधिक होण्याचा संभव असतो.

बहुसंख्य लोक मात्र गल्लीतल्या मोटारशाळेतच शिकतात. मी जेथे प्रथम गेले तेथे संध्याकाळी साडेसहाची वेळ मिळाली, कारण तीच रिकामी होती. म्हणजे कार्यालये सुटण्याची वेळ. मागच्या आसनावर पुढच्या पाळीचा विद्यार्थी बसलेला असे. शिक्षक तरुण होते, मनाने वाईट नव्हते, आणि दिवसभर आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्यांच्या चुका झेलून थकलेले असत. "अहो मॅडम, बघताय कुठं? क्लच, क्लच! आरसा! डावीकडं काप, फुल काप!" इतक्या आज्ञा एका श्वासात येत, आणि त्यांतली पहिली माझ्या पायापर्यंत पोचेतो चौथी शिळी झालेली असे. या गाड्यांना शिक्षकाच्या बाजूनेही ब्रेक आणि क्लच असणे नियमानेच आवश्यक आहे आणि त्याने जीव वाचतात. पण त्याचा एक दुष्परिणाम असा की, पुष्कळ दिवस गाडी शिक्षकच उचलतो आणि थांबवतो, विद्यार्थी केवळ सुकाणू धरून असतो, आणि आपण गाडी चालवीत नव्हतो हे त्याला एकदम, चौकात, कळते.

परीक्षेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. इंग्रजी 'एच' आणि 'आठ' यांच्या आकृती काढणे हे चाकांचे ज्ञान तपासते. नजरेचे तपासत नाही. ब्रिटनमध्ये २००२ च्या नोव्हेंबरपासून लेखी परीक्षेला चित्रफितींची एक परीक्षा जोडली आहे, जीत उत्पन्न होऊ लागलेला धोका उमेदवाराने वेळीच ओळखावयाचा असतो. शिरस्तेदाराचा जो गुण वर सांगितला तो मोजण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि तो आपल्याकडे आणण्यास फार खर्चही नाही.

उपायांकडे वळताना मला दुसऱ्या खेपेच्या माझ्या शिकण्याचा आधार घ्यावा लागेल. आमच्या सोसायटीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. त्यांनी पहिले तीन दिवस मला गाडी चालवू दिली नाही. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला, चौक दिसेल अशा ठिकाणी गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, त्यांनी मला शेजारी बसवले आणि म्हणाले, "वहिनी, आता फक्त हॉर्न ऐका. वाजला की सांगा, कोणाचा आणि कोणासाठी." पहिल्या दहा मिनिटांत मला एवढेच सांगता येई की वाजला. मग हळूहळू रिक्षाचा चिरका आवाज, बसचा जाड आवाज, दुचाकीचा बारीक आवाज आणि कोठली तरी गाडी मागे घेताना वाजणारी ती गाण्याची धून हे वेगळे झाले. त्यानंतर आवाज जवळ येतो आहे की लांब जातो आहे हे कळू लागले. आणि तिसऱ्या दिवशी, 'हा पुढच्या स्कूटरला आहे, आपला काही संबंध नाही' असे मी आपण होऊन म्हणाले. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात इंद्रियांच्या एकत्रीकरणाचा जो विचार मांडला, तो काकांनी वाचलेला असण्याचा संभव नाही. त्यांनी ही रीत कोठे मिळवली असे विचारले तेव्हा ते म्हणाले की, नव्या डेपोत बदली झाली की ते पहिल्या दिवशी वाहकाच्या शेजारी बसून नुसता रस्ता पाहत असत.

यानंतर पहाटे सहाला, म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लग्नाच्या लॉन्सची फाटके बंद असताना, पाच दिवस फक्त क्लच. पातळ तळाची चप्पल घालावयाची, कारण जाड तळातून ती थरथर पायाला कळत नाही. ॲक्सिलरेटरला हात, नव्हे पाय, लावावयाचा नाही. क्लच इतका हळू सोडावयाचा की गाडी आपल्या आपण मुंगीसारखी सरकली पाहिजे. पाचव्या दिवशी डोळे मिटूनही मला तो क्षण सांगता येऊ लागला. एकाच रस्त्यावर पुनःपुन्हा जाण्यात हा लाभ असतो की, रस्ता जुना झाला म्हणजे तो वर्दी देईनासा होतो आणि नव्या गोष्टीला जागा होते. धड्याची लांबीही पाहिली पाहिजे. माझ्यापुरते पंचवीस मिनिटांनंतर डोळे उघडे असूनही पाहीनासे होत, आणि त्यानंतरचे प्रत्येक मिनिट कालचे शिकलेले पुसून टाकी.

काकांची एक रीत मात्र मला मानवली नाही. दिसेल ते मोठ्याने बोलत चालवावे, असा त्यांचा आग्रह होता. ही रीत जुनी आणि प्रतिष्ठित आहे. ब्रिटिश पोलिसांच्या चालकशिक्षणात ती मुरलेली आहे, आणि बोलण्याने नजर पुढे खेचली जाते हे खरे आहे. परंतु ज्याला स्वतःचा आवाजही एक अधिक आवाज वाटतो, त्याने ती आरंभी टाळावी आणि हात बसल्यावर वापरून पाहावी. मी काकांना तसे सांगितले, आणि त्यांनी दोन दिवस रुसून मग ते मान्य केले.

गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीवर शिकावे की नाही, यावर आपल्याकडे उगाच हट्ट केला जातो. ब्रिटनमध्ये अशा गाडीवर परीक्षा देणाऱ्याला तेवढ्याच गाड्यांचा परवाना मिळतो. आपल्याकडे हलक्या मोटारीच्या परवान्यात हा भेद नाही, आणि अशा गाड्या आता मध्यमवर्गाच्या आटोक्यात आल्या आहेत. 'खरे चालवणे गिअरचेच' हा अभिमान ज्याला परवडतो त्याने बाळगावा. इस्राएलचा प्रयोग वाचल्यानंतर, भांबावणाऱ्या माणसाला मी निःसंकोच आपोआप गिअरची गाडी घ्यावयास सांगेन. शिवाय शिकताना गाडीतले आवाजही कमी करावेत : गाणी बंद, भ्रमणध्वनी मुका, काचा वर. कानात बोळे घालण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण आवाज निवडण्यास शिकावयाचे तर ते ऐकू आले पाहिजेत, आणि रुग्णवाहिका तर ऐकू आलीच पाहिजे. परीक्षेच्या दिवशी मन शांत करणारी गोळी घेण्याचा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात. त्या गोळ्यांपैकी पुष्कळ झोप आणतात आणि हालचाल मंद करतात, तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय त्या वाटेस जाऊ नये. आणि गाडी कडेला घेऊन थांबणे हे पहिल्या आठवड्यातच, एक स्वतंत्र धडा म्हणून, शिकवले पाहिजे : दिवा लावणे, आरसा पाहणे, डावीकडे सरकणे, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि मग श्वास आत घेण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडणे. आपल्याला केव्हाही थांबता येते, हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याच्यावर चौकाचा भार निम्मा होतो. रात्र आणि पाऊस यांना शेवटी ठेवावे. समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांनी दिपलेल्या डोळ्याला सावरण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेलेली असते.

येथपर्यंत मी अशा लोकांविषयी लिहिले ज्यांची गाळणी सरावाने तयार होते. काहींची तशी होत नाही, किंवा फार सावकाश होते, आणि त्यांच्याविषयी आपला समाज अजून बोलू लागलेला नाही. विनी डन यांनी १९९७ साली मांडले की, माणसामाणसांत संवेदना जाणवण्याचा उंबरठा निराळा असतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात संवेदनांची अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रिया हे स्वमग्नतेचे एक लक्षण मानले. आणि अर्धशिशी असणारे, अपघातातून वाचलेले, अवधान विखुरणारे, अशा कितीतरी जणांना चौक आपल्याहून निराळा ऐकू येतो. न्यू जर्सी राज्यातील नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न तरुणांपैकी सुमारे एक तृतीयांश परवाना मिळवतात. इतर तरुणांत हे प्रमाण पाचांत चारांहून अधिक आहे. त्यांना लागणारा अवधी इतरांहून सुमारे नऊ महिने अधिक होता. पण त्याच संशोधकांनी २०२१ साली पुढचा हिशेब मांडला तेव्हा परवाना मिळालेल्या या तरुणांचे अपघात इतरांपेक्षा अधिक नव्हते, आणि वेगापायी होणारे तर कमीच होते. ज्याला पोचण्यास उशीर लागतो तो वाईट चालवतो, या समजाला याहून स्पष्ट उत्तर नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने स्वमग्नतेला मान्यता दिली आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी अशा उमेदवाराला गर्दी नसलेली सकाळची वेळ द्यावी, सूचना एका वेळी एकच द्यावी, आणि हवे तर त्या लिहूनही द्याव्यात, एवढी मुभा ठेवण्यास कोणत्याही नव्या निधीची गरज नाही.

आणि कोणी सगळा प्रयत्न करून, विचारपूर्वक, गाडी न चालवण्याचे ठरवले तर तो निर्णयही मानाने स्वीकारला गेला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तिसऱ्या प्रयत्नानंतर परवान्याचा नाद सोडला आणि त्या बसने हिंडतात. नातेवाईक अजून त्यांना लग्नकार्यात 'अजून शिकली नाहीस?' म्हणून विचारतात, आणि त्यांचे तोंड उतरते. हे मला सहन होत नाही. बसचा थांबा घराजवळ असणे आणि बस वेळेवर येणे हा त्यांच्या हक्काचाच भाग आहे.

माझ्या पक्क्या परवान्यानंतर महिनाभराने काका शेजारी बसले असता मी संध्याकाळी नळस्टॉप ओलांडला. सिग्नल दोनदा लागला, मागे बस होती, डावीकडे नेहमीसारख्या दुचाक्या. चौक मागे पडल्यावर त्यांनी विचारले, "वहिनी, हॉर्न किती वाजले?" मी आठवू लागले. मला एकच सांगता आला, डाव्या अंगाने एकाएकी पुढे घुसलेल्या रिक्षाचा; त्यालाच मी ब्रेक लावला होता.